टमाट्याला बांधलेली चिंधी

टमाट्याचा शेंडा मंजुळाबाईने दोन बोटांत धरला आणि उलटून पाहिला.

पान पानासारखं उरलंच नव्हतं. दोऱ्यासारखं बारीक झालं होतं, कुणी ओल्या हाताने पीळ देऊन ठेवावा तसं. दांडा खाली वळून पुन्हा वर यायला बघत होता. परवा पहिलं झाड असं दिसलं तेव्हा तिने मनाची समजूत घातली होती, चुरडा-मुरडा असेल, थंडीत येतो. काल आणखी चार झाडं दिसली, तेव्हा म्हणाली, आंबट ताक मारू, जाईल. पण आज वांग्यांचे शेंडेही मान टाकून होते, आणि पालकाची कोवळी पानं वाटीसारखी आत वळली होती. वांगं, टमाटं, पालक, तिघांना एकाच आठवड्यात एकच रोग होत नाही. जन्मभर मातीत हात असलेल्या बाईला एवढं कळतं. कळतं म्हणून तर भीती वाटते.

उद्या चंपाषष्ठी होती. गावातल्या मोठ्या माणसांनी आषाढीपासून वांगं सोडलेलं. उद्या खंडोबाला भरताचा नैवेद्य दाखवायचा आणि मग सगळ्या गावाने शाळेच्या मैदानात एका पंगतीला बसून भरीत-भाकरी खायची. पाच वर्षांपासूनची ही रीत. आणि भरताची वांगी यायची ती ह्याच बागेतून, शाळेमागच्या चार गुंठ्यांतून.

एरंडोलहून पद्मालयाकडे जाताना मध्येच एक फाटा फुटतो, त्या फाट्यावरचं हे गाव. शाळेमागे पूर्वी काटेरी बाभळी आणि गावभरचा प्लास्टिकचा कचरा होता. मंजुळाबाईने आठ-दहा बायकांना घेऊन तो उपसला. हातपंपाचं वाहून जाणारं पाणी चर काढून आत वळवलं. चुलीची राख, भाजीची देठं, शेळ्यांच्या लेंड्या, जे ज्या घरात असेल ते तिथं आलं. दुकानातली औषधाची बाटली मात्र कधी आली नाही. तो तिचा एकच कायदा. पोरांच्या खिचडीत जी भाजी पडते ती ह्या बागेतली. पोरं टमाटं झाडावरून तोडायची, सदऱ्याला पुसायची आणि तिथंच खायची. कुणी अडवत नसे. अडवावं असं तिथं काही नव्हतंच.

निंदताना ती गुणगुणायची. ओवी तिच्या आईची नव्हती की सासूची नव्हती. तिची तिनेच, वांग्याच्या काट्यांनी बोटं सोलून घेता घेता जुळवलेली :

वांग्याबाई, तुझा काटा
राहू दे गं देठापाशी,
माझ्या हाताची गं माया
जावो लेकरांच्या पोटापाशी.

आज ती ओवी ओठांवर आली आणि अर्ध्यातच थांबली. पोटापाशी काय गेलं?

गेल्या गुरुवारी तिने फवारणी केली होती. औषध घरचंच. कडुनिंब, सीताफळ, करंज, निर्गुडी, रुई, अशा दहा झाडांचा पाला कुजवून केलेला अर्क. त्यात वाईट काही नाही. पण पंप? तिच्या पंपाचा वायसर गेला होता, म्हणून तिने पुतण्याच्या शेडमधून पंप आणला होता. भटूच्या. आणि भटूने दसऱ्यानंतर लगेच मक्यात तणनाशक मारलं होतं.

शाळेच्या चुलीवर भांडं चढल्याचा आवाज आला. मंजुळाबाई तशीच धावली.

खिचडी शिजवायला सारिका होती. पाटावर बसून टमाटी चिरत होती.

"ते टाकू नको," मंजुळाबाई म्हणाली. धावत आल्यामुळे तिचा श्वास पुरत नव्हता.

"काय व माय? कीड निंघनी का?"

"टाकू नको म्हनं ना. आज नुसती दाळ कर."

"नुसती दाळ? मना गुड्डू तं तुना टमाटाबिगर घास गियस नही." सारिका हसत होती. मग तिने मंजुळाबाईचा चेहरा पाहिला आणि विळी आडवी केली. "माय, काय व्हयनं?"

मंजुळाबाईने सांगितलं. सगळं नाही, झाडांचं सांगितलं आणि पंपाचं सांगितलं. 'कदाचित' हा शब्द तिने तीनदा वापरला.

मुख्याध्यापिका दिपमाला मॅडम वर्गातून बाहेर आल्या. खडूचे हात तसेच. त्यांनी आधी मुलांना बागेत जायला बंदी केली, मग विचारलं, "गुरुवारनंतर किती दिवस ही भाजी खाल्ली मुलांनी?"

"शुक्रवार, शनिवार. सोमवार, मंगळवार." सारिका बोटांवर मोजत म्हणाली. चौथं बोट तिने तसंच धरून ठेवलं.

अडतीस पोरं. त्यांत मंजुळाबाईची नात रूपाही होती, तिसरीतली. ती वर्गाच्या खिडकीतून बघत होती आणि तिच्या ओठाच्या कोपऱ्यात मधल्या सुट्टीआधीच खाल्लेल्या टमाट्याचं बी चिकटलं होतं.

मॅडमनी आरोग्य केंद्रात फोन लावला. तिथून सांगितलं की डॉक्टर दुपारनंतर येतील, तोवर कुणाला उलटी, पोटदुखी, चक्कर आहे का बघा. एकेका मुलाला पुढे घेऊन मॅडम विचारू लागल्या. पोरांना वाटलं काहीतरी नवा खेळ आहे. एकाने पोट दुखतं म्हणून सांगितलं, सगळ्यांचे जीव टांगणीला लागले, तर पोरगा म्हणतो, "भूक लागनी."



तासाभरात शाळेपुढे गाव गोळा झालं. मैदानाच्या मधोमध उद्याच्या भरतासाठी पऱ्हाट्यांचा ढीग रचून ठेवला होता, वाळलेल्या कपाशीच्या काटक्यांचा. त्याच्या एका बाजूला बायका उभ्या, दुसऱ्या बाजूला पुरुष. अभिमन आबा, गावातले जाणते, पंगतीचा सगळा कारभार ज्यांच्या शब्दावर चालायचा, ते खुर्ची आणवून बसले. भटूला शेतातून बोलावून आणलं. तो आला तो गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला, मक्याला पाणी सोडून आलेला.

"भटू," आबा म्हणाले, "काकूले तणनाशकना पंप दिधा का रे तू? पोरेस्ना जेवनमा इख घालं का?"

"मी दिधा नही, काकू सोता लई गयी व्हती. मी घर नव्हतू."

"मंग पंप वळखू येत नही का कोनले तुना घरमा?"

"आबा, चष्मा कोठे ठेवा ते तुम्हले याद ऱ्हास नही, नि माले पंप इचारतस!"

पुरुषांच्या बाजूला एकदोघे फिसकले. आबांनी खिसा चाचपला. चष्मा कपाळावर होता.

भटू वळला. आवाज खाली आणून म्हणाला, "काकू, आयक. मना दोन पंप शेतस. दोन्ही निळा. यंदा पोळाना टायमाले बांधवरला भाऊनी कपाशी पार गयी, आसाच पंपना घोयमुळे. तव्हयपासून तणनाशकना पंपले मी लाल चिंधी बांधेल शे. पट्टाले. तू कोनता लई गयी? चिंधीवाला का बिगर चिंधीना?"

मंजुळाबाईने डोळे मिटले. शेड डोळ्यांपुढे आणली. खुंटीला टांगलेले दोन पंप. चिंधी? नाही. चिंधी नव्हती. असती तर तिला दिसली असती.

"बिगर चिंधीना," ती म्हणाली.

"मंग झायं!" भटूने हात झटकले. "चोखा पंप लई गयी ती. त्यानाघाई मी फक्त कडुनिंबनं तेल मारस. हाऊ रोगच शे."

सगळ्या मैदानाने एकदम श्वास सोडला. बायका बोलू लागल्या, दोघीतिघी एकदमच. "मी म्हनतच व्हती." "थंडी शे ना व." "उगाच जीव घाबरा करा मंजुळामायनी." सारिकाने आपल्या गुड्डूला वर्गाच्या दारातून ओढून जवळ घेतलं, त्याच्या पाठीत एक हलका धपाटा घातला आणि मग मुकाही घेतला. आबा उठले.

"रोग शेंडाले शे, वांगास्ले काय व्हयनं? जराशी मऊ लागतीन. धोईसन लेवो. नि आगमा बठ्ठं जळी जास. तोडा व वांगा, उन्ह चढस."

टोपल्या आल्या. बायका बागेत शिरल्या.

मंजुळाबाईही शिरली. तिच्याही हाताला हलकेपणा आला होता, सुपातलं फोलकट उडून जावं तसा. ती वांग्यांच्या ओळीतून पुढे गेली. हिरवी, पांढऱ्या झाकीची, भरताची जुनी वांगी. बियाणं तिच्या सासूच्या माहेरचं. ओळ संपली, पुढे टमाटी होती. टमाटी तिने काठ्यांना बांधली होती. नायलॉनच्या दोरीने नाही. नायलॉन कोवळ्या दांड्याला कापतो, आणि सडत नाही, मातीत वर्षानुवर्षं राहतो. ती नेहमी सुती चिंध्याच वापरायची. कुणाच्या जुन्या लुगड्याची, कुणाच्या फाटक्या धोतराची, दिसेल तिथून उचललेली. ओळीत पिवळी चिंधी होती, निळी होती, ठिपक्यांची होती.

शेवटच्या काठीला लाल होती.

ती बघत उभी राहिली.

दिवाळीआधी, घर सारवून झालं त्या दुपारी, ती भटूच्या शेडमध्ये सुतळी शोधायला गेली होती. सुतळी मिळाली नाही. पण एका पंपाच्या पट्ट्याला लाल चिंधी होती, चांगली वीतभर, मऊ, सुताची. तिला वाटलं कुणीतरी हात पुसायला अडकवली असेल, वाया चालली आहे. तिने गाठ सोडली. दुहेरी गाठ होती. नखाने सुटेना तेव्हा दाताने सोडवली. आत्ता त्या गाठीची चव तिच्या दाताला आठवली. रॉकेलसारखी, कडू.

चिंधी असती तर तिला दिसली असती. चिंधी नव्हती, कारण ती तिनेच काढून आणली होती. मग गुरुवारी तिने कोणता पंप उचलला? दोन निळे पंप, दोन्ही सारखे. दाराजवळचा उचलला, एवढंच तिला आठवत होतं. झाडांकडे पाहिलं की उत्तर कळत होतं.

मागे बायकांचा गलका चालू होता. "हाई पाहा केवढं!" "हाई तं आबानं डोकं!" वांगी टोपलीत पडल्याचा तो भरीव आवाज. एक टोपली भरली. दुसरी भरत आली.

कुणालाच माहीत नव्हतं. भटूचं ह्या काठीकडे लक्ष जायचं कारण नव्हतं. चिंधी काढून पदरात घ्यायची, घरी चुलीत टाकायची, एवढंच. आबा म्हणतात तसं, आगीत सगळं जळून जातं. आणि पोरांना तर काही झालेलं नाही. चार दिवस झाले, काही झालं नाही. पंपाच्या तळाला राहिलेलं ते किती असणार? घोटभर. त्यात पंधरा लिटर पाणी. उद्या भरीत होईल, गाव जेवेल, मंजुळामायच्या हाताचं म्हणून दोन घास जास्त खाईल, आणि गोष्ट संपेल.

आणि सांगितलं तर? ही बाग सहा वर्षं कशावर उभी होती? खतावर नाही, पाण्यावरही नाही. आईबापांच्या विश्वासावर. मंजुळामायच्या हाताचं आहे, खा. एवढ्या एका वाक्यावर. ते वाक्य एकदा गेलं की पुन्हा पेरायला त्याचं बी कुठून आणायचं?

पण उद्याच्या पंगतीत दोनशे माणसं असतील. गावातली पोटुशी सून असेल, तान्ह्या पोरांच्या आया असतील. ओवीतली ती हाताची माया उद्या कुणाकुणाच्या पोटापाशी जाणार होती?

"माय," रूपा तिच्या मागे येऊन उभी होती. मॅडमनी सोडलं तशी पळत आली होती. तिच्या हातात एक वांगं होतं, दोन्ही हातांनी धरलेलं. "हाई देवले ठेवू का? बठ्ठास्मा मोठं शे."

मंजुळाबाईने नातीच्या हातातून वांगं घेतलं. मग काठीकडे वळली आणि लाल गाठ सोडू लागली. नखाने सुटेना, ह्याही वेळी दातच लावावे लागले.

ती मैदानात आली आणि पऱ्हाट्यांच्या ढिगाजवळ उभी राहिली. चिंधी तिने दोन्ही हातांत ताणून धरली.

"भटू, हाई वळख."

भटू तंबाखू मळत होता. त्याचा अंगठा थांबला.

"हाई तं मनी चिंधी. कोठे सापडनी?"

"टमाटाना झाडले. मी बांधेल शे. दिवाईना आधी तुना शेडमाईन मीच सोडी लयनू." ती थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. "चिंधी सोडी मीच, नि बिगर चिंधीना पंप म्हनीसन उचला बी मीच. भटूना काही दोष नही. हाऊ रोग नही शे. वांगा कोनी खावाना नहीत."

पऱ्हाट्यांतली एक काडी आपोआप कडकन मोडली आणि त्या आवाजाने सगळे दचकले.

पहिली सारिका पुढे आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली. "माय, मना गुड्डूनी चार दिन खादं. तुना हातनं शे म्हनीसन आम्हीन कधी धोईसन बी नही दिधं त्याले."

"हो."

"येक चिंधीसाठे?"

"हो व माय. येक चिंधीसाठे."

सारिका पोराला कडेवर घेऊन निघून गेली. गुड्डू सहा वर्षांचा, कडेवर मावत नव्हता. त्याचे पाय तिच्या गुडघ्यांना आपटत होते.

डॉक्टर आले तोवर दुपार कलली होती. तरुण बाई होत्या, चाळीसगावकडच्या. त्यांनी एकेका मुलाचं पोट दाबलं, डोळे बघितले, जीभ बघितली. सगळ्यात शेवटी मंजुळाबाईला बोलावलं, कारण फवारताना पंप तिच्या पाठीवर होता.

"हातांना खाज? डोळ्यांची आग?"

"नही बाई. पोरं?"

"आज तरी कुणाला काही त्रास दिसत नाही. प्रमाण फार थोडं असणार. पण मी 'काहीच होणार नाही' असं लिहून देऊ शकत नाही. आठ दिवस लक्ष ठेवायचं. जरा काही वाटलं तर लगेच आणायचं. आणि ती भाजी," त्यांनी बागेकडे पाहिलं, "एक पानसुद्धा खायचं नाही."

आठ दिवस. मंजुळाबाईने ते शब्द पदराच्या गाठीत बांधल्यासारखे घरी नेले.

तोडलेली वांगी तीन टोपल्या भरली होती. शेळ्यांना घालायची नव्हती. खताच्या खड्ड्यातही टाकायची नव्हती. कृषी सहायकाने फोनवर बजावलं होतं, खतात गेलं की पुढच्या पिकाला जाईल. ज्या बाईने सहा वर्षांत कांद्याचं सालपट वाया घालवलं नाही, तिने बागेच्या पार कडेला कमरेएवढा खड्डा खणला. खणायला भटू आला होता, न बोलावता. रागाने फावडं मारत होता, पण मारत होता. वांगी खड्ड्यात गेली, त्यांच्यामागे टमाट्याची, वांग्याची, पालकाची झाडं मुळांसकट गेली. माती ओढताना रूपाने विचारलं, "देवनं वांगं बी?"

"ते बी."

चंपाषष्ठीला खंडोबाला नैवेद्य दाखवला तो आबांच्या दारातल्या एका झाडाच्या दोन वांग्यांचा. पंगत झाली नाही. पऱ्हाट्यांचा ढीग तसाच पडून राहिला. ज्याने त्याने आपापल्या घरी भरीत केलं, बाजारातून आणून. संध्याकाळी गल्लीतून जाताना घराघरातून ठेचलेल्या मिरची-लसणाचा वास येत होता आणि मंजुळाबाईला तो अंगावर आल्यासारखा वाटला. तिच्या सुनेने ताटात भरीत वाढलं तेव्हा तिने ताट सरकवलं.

"चातुर्मास सरना ना आते," सून म्हणाली.

"मना नही सरना. बागनं वांगं जवलोंग येत नही, तवलोंग मना सोडेलच शे."

त्यानंतरचे आठ दिवस गावाने कसे काढले ते गावालाच माहीत. कुठल्या घरात पोर रडलं की शेजारचं दार उघडे. तिसऱ्या दिवशी दोन पोरांना जुलाब झाले. मंजुळाबाई त्यांच्या दारात जाऊन बसली. आत या कुणी म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. नंतर कळलं की पोरांनी बोरं खाल्ली होती, कच्ची. शाळेत निम्मी पोरं घरून डबा आणू लागली. सारिका खिचडी रांधायची ती नुसती डाळ-तांदळाची, आणि स्वतःच्या गुड्डूला त्यातलीही वाढायची नाही. मंजुळाबाई समोरून आली की ती बादली उचलून हातपंपाकडे जायची. बादली भरलेली असली तरी जायची.

आठव्या दिवशी डॉक्टर पुन्हा आल्या. पोरं धड होती. अडतीसच्या अडतीस. मॅडमनी फळ्यावर तसं लिहून ठेवलं. मंजुळाबाईला वाचता येत नव्हतं. रूपाने वाचून दाखवलं, तेव्हा ती शाळेच्या पायरीवर बसून रडली. इतके दिवस रडायचीही भीती वाटत होती, अपशकुन होईल म्हणून.

पण बाग उघडीच होती. चार गुंठे काळी, मोकळी माती. तिला हात लावायचा धीर कुणाला होत नव्हता. कृषी सहायक येऊन बघून गेला. म्हणाला, "मावशी, महिना-दीड महिना माती पडू द्या, पाणी देत राहा. मग चार कोपऱ्यांत चार चवळ्या लावा. चवळीला लगेच कळतं. त्या सरळ वाढल्या, पानं उघडली, तर माती निवळली. वाकड्या राहिल्या तर अजून थांबायचं."

ती थांबली. रोज सकाळी रिकाम्या जमिनीला पाणी देणारी बाई बघून येणारेजाणारे म्हणत, "मंजुळामाय, काय पेरं व?" ती म्हणे, "काही नही. धोई ऱ्हायनू."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भटू आला. हातात रंगाचा डबा आणि पाठीवर निळा पंप. ओट्यावर पंप ठेवून त्याने अर्धा पंप लालभडक रंगवला, काकूच्या डोळ्यांदेखत.

"चिंधी सोडता येस," तो म्हणाला. ब्रश झटकताना दोन थेंब तिच्या ओट्यावर पडले. "आते दात लायीसन दखाड."

सव्वा महिन्यात ती पहिल्यांदा हसली. मग तिने त्या दोन थेंबांवर शेण लावायला घेतलं आणि मध्येच थांबली. राहू दिले.

माघ लागला तेव्हा तिने चार दाणे लावले. प्रत्येक कोपऱ्यात एक. चौथा तिथं, जिथं शेवटची काठी होती. रात्रीची थंडी अजून हटली नव्हती, दाणे लवकर उगवेनात. पाचव्या दिवशी काही नाही. सातव्या दिवशी काही नाही. नवव्या दिवशी सकाळी पाणी घालताना रूपा किंचाळली.

"माय! वाकडी उनी! चारीच्या चारी वाकड्या!"

मंजुळाबाई धावली. ओणवी झाली. मातीला भेग पडली होती आणि तिच्यातून चवळीचा फिकट दांडा कमानीसारखा बाहेर आला होता, डोकं अजून मातीत.

तिला माहीत होतं. चवळी अशीच येते. मान खाली घालूनच येते, प्रत्येक चवळी, निरोगी मातीतलीसुद्धा. हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तरी ती चारही कोपऱ्यांत जाऊन ओणवून पाहून आली. ती नातीला समजावत होती की स्वतःला, कुणास ठाऊक :

चवळीचा गं दाणा
मान खाली घालून येतो,
मातीला विचारून
मग उन्हाकडे पाहतो.

"मंग इचारीसन काय म्हनस माती?" रूपाने विचारलं.

"सकाय समजी."

दुसऱ्या दिवशी ती उजाडताच गेली. गेली तर शाळेच्या कुंपणाशी कुणीतरी आधीच उभं होतं. सारिका. एका हातात बादली, दुसऱ्या हाताने गुड्डूचं मनगट धरलेलं. मंजुळाबाईने फाटक उघडलं आणि ते उघडंच ठेवलं. क्षणभराने मागे पावलं वाजली.

पहिल्या कोपऱ्यातली चवळी सरळ उभी होती. दोन पानं उघडलेली, हिरवी, सपाट, नमस्काराचे हात नुकते सुटावेत तशी. दुसरी तशीच. तिसरीचं एक पान अजून दुमडलेलं होतं, पण दांडा ताठ.

चौथीची मान खालीच होती.

सारिका त्या चवळीपाशी उकिडवी बसली. मंजुळाबाई उभी राहिली, पदर मुठीत घट्ट धरून. त्या मुठीत लाल चिंधी होती. आताशा ती सोबतच असायची.

"आठे अजून थांबनं पडी," सारिका म्हणाली.

"हो."

"किती?"

"ती सरळ व्हई तवलोंग."

सारिकाने मान हलवली. मग बादली पुढे ओढली, ओंजळभर पाणी घेतलं आणि चौथ्या चवळीच्या बुडाशी सोडलं, दांड्याला धक्का लागणार नाही इतकं हळू. गुड्डू पहिल्या कोपऱ्यातल्या पानाकडे हात नेत होता.

"हात लावू नको रे," दोघी एकदमच म्हणाल्या.